लहान मुलांचा संधिवात आणि जबड्याचा सांधा : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. संधिवात असलेली मुलं माझ्याकडे येतात ती दात किडला म्हणून, नाहीतर पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत म्हणून. जबड्याच्या सांध्यासाठी म्हणून क्वचितच कुणी येतं, कारण तो बहुतेकदा दुखतच नाही. खालचे प्रश्न अशा पालकांनी विचारलेले आहेत. उत्तरं वाचून औषध सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नका. तो निर्णय मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

संधिवात तर म्हातारपणी होतो ना? आमच्या चार वर्षांच्या मुलीला कसा झाला?

आजीचे गुडघे दुखतात ती झीज. मुलांचा आजार वेगळा आहे. सोळाव्या वाढदिवसाच्या आधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते.

सहा आठवड्यांच्या अटीला आपल्याकडे खास अर्थ आहे. चिकुनगुन्या किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूच्या तापानंतरही मुलांचे सांधे सुजतात, पण बहुतेकांचे त्याआधीच उतरतात. शिवाय क्षयरोग आणि रक्ताचा कर्करोग नाही ना, हेही डॉक्टर तपासतात. म्हणून निदानाला वेळ लागतो. त्याबद्दल डॉक्टरांवर चिडू नका.

जेआयएचे सात प्रकार मानले जातात. दोन-तीन वर्षांच्या मुलीचा एक गुडघा सुजतो, तो एक. शाळकरी मुलाची टाच आणि कंबर धरते, तो दुसरा, आणि भारतातल्या नोंदींमध्ये या दुसऱ्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त दिसतं. जबडा मात्र यातल्या कुठल्याही प्रकारात सापडू शकतो.

आणि नाही, दही-चिंच खाल्ल्यामुळे हे झालेलं नाही. गरोदरपणात आईने काय खाल्लं, त्यानेही नाही.

जबड्याला सांधा असतो?

दोन असतात. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटांखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. डावं आणि उजवं टोक एकाच हाडाची, त्यामुळे एक बाजू बिघडली की दुसरीलाही चाल बदलावी लागते.

या सांध्याची एक रचना समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. गुडघ्यात हाड वाढवणारा कूर्चेचा, म्हणजे मऊ-लवचीक हाडाचा, थर सांध्याच्या पृष्ठभागापासून काही अंतरावर असतो. तिथे सूज राहिली तर रक्तपुरवठा वाढतो आणि पुष्कळदा तो पाय उलट थोडा लांब होतो. जबड्यात वाढीची कूर्चा सांध्याच्या पृष्ठभागाला लागूनच, पातळ आवरणाखाली असते. इथली सूज थेट वाढीवर घाला घालते. गुडघ्याचा पाय लांबतो आणि जबडा आखूड राहतो, आजार तोच. खालचा जबडा विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत असतो, म्हणून तिसऱ्या वर्षी सुरू झालेल्या सुजेला नुकसान करायला भरपूर वर्षं मिळतात.

किती मुलांचा जबडा धरतो?

वेगवेगळ्या अभ्यासांत १७ टक्क्यांपासून ८७ टक्क्यांपर्यंत आकडे आले आहेत. एवढी तफावत का? कुणी फक्त मुलाला विचारलं, कुणी एक्स-रे काढला, कुणी एमआरआय केला, शिवाय प्रत्येक रुग्णालयात येणारी मुलं वेगळी. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जेआयएचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा जबडा तपासायचा, लक्षण असो वा नसो. डोळ्यांच्या बाबतीत आपण हे आधीच स्वीकारलं आहे. डोळा लाल नसला, दुखत नसला तरी मूल ठरावीक महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातंच, कारण याच आजारात येणारी डोळ्याच्या आतली सूज मुकाट्याने नजर नेते. जबड्याला हा मान अजून मिळालेला नाही.

दुखत नसेल तर आम्हाला कळणार कसं?

जेवताना बघा. मूल तक्रार करत नाही, पण खाण्याच्या सवयी बदलतं आणि त्या इतक्या हळू बदलतात की घरच्यांना वाटतं, ‘ही पहिल्यापासून नखरेलच.’ वडापाव घ्या. तो दोन्ही हातांनी धरून एकदम चावायला तोंड चांगलं मोठं उघडावं लागतं. जे मूल आधी तसं खायचं ते आता पाव सोडवून, वडा कुस्करून, तुकडे करून खात असेल, तर मी लगेच कान टवकारते. तसंच पेरू कापून मागणं, ऊस-चिक्की नको म्हणणं, भाकरी आमटीत भिजवूनच खाणं, शाळेचा डबा अर्धा परत येणं, सगळे उठले तरी ताटावर बसून राहणं. एकाच बाजूने चावणंही.

सकाळकडे वेगळं लक्ष द्या. संधिवाताची ताठरता सकाळी जास्त असते. नाश्त्याला तोंड आखडलेलं आणि दुपारी ठीक, असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही मुलं कान दुखतो म्हणतात. कानाचे डॉक्टर तपासतात, कान स्वच्छ असतो, थेंब देऊन घरी पाठवतात. जेआयए असलेल्या मुलाचा कान दोनदा दुखला आणि दोन्ही वेळा कानात काही सापडलं नाही, तर तिसऱ्या वेळी कानाच्या पुढच्या सांध्याबद्दल विचारा. जांभई देताना मध्येच थांबणं, कपाळ किंवा कानशील दुखणं, तोंड उघडताना ‘टक’ आवाज येणं, हेही लक्षात ठेवा. नुसता आवाज मात्र अनेक निरोगी मुलांच्या जबड्यातही येतो, एवढ्यावरून घाबरू नका.

मग चेहरा बघा. मुलाला सरळ उभं करून समोरून बघा. हनुवटीचं टोक नाकाच्या रेषेत आहे का? तोंड हळूहळू उघडायला सांगा. हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते? ती साधारणपणे आजारी सांध्याच्या बाजूला वळते, कारण ती बाजू पुढे सरकत नाही. बाजूने बघताना हनुवटी मागे गेल्यासारखी दिसते का? दरवर्षी वाढदिवसाला समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढून ठेवा, केस मागे बांधून, तोंड मिटून. रोज बघणाऱ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की दिसतं.

तोंड किती उघडतं ते घरी मोजता येईल का?

येईल, आणि ते कराच. या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी पुरते, फक्त शून्य अगदी कडेला असलेली घ्या. मुलाला वेदना न होता जेवढं जमेल तेवढं ‘आ’ करू द्या. वरच्या पुढच्या एका दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा तारखेसह वहीत लिहा. कुठल्या दातांमध्ये मोजलं तेही लिहा आणि पुढच्या वेळी तेच दात घ्या. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात, तेव्हा आकड्यांत घोळ होतो. दात पडला की वहीत तशी नोंद करा आणि नवा दात पूर्ण आल्यावर नव्याने मोजायला लागा. महिन्यातून एकदा पुरे, शक्यतो त्याच वेळी, कारण सकाळ-संध्याकाळचा फरक पडतो.

आता ‘नॉर्मल किती’ हा प्रश्न येणारच. झुरिकमध्ये २० हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तोंडं अशी मोजली गेली. दहा वर्षांच्या मुलांची सरासरी ४५ मिलिमीटर आली, मुलगा-मुलगी सारखीच. पण त्याच वयाच्या मुलांतला पल्ला २५ पासून जवळजवळ ७० पर्यंत होता! म्हणजे शेजारच्या मुलाशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुमच्या मुलाच्या आकड्याची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करायची. मूल उंच होतंय आणि तोंड तेवढंच उघडतंय, किंवा ४४ चं ४१ आणि ४१ चं ३८ झालं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करा. एखाद्या महिन्यात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर तो पट्टीचा दोष समजा.

पट्टी नको वाटत असेल तर मुलाची स्वतःची तीन बोटं, तर्जनीपासून अनामिकेपर्यंत, एकमेकांना चिकटवून उभी दातांत जातात का ते बघा. ही ढोबळ चाचणी आहे. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर फसवते.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, गुडघाही उतरलाय. मग जबडा ठीकच असणार ना?

असं गृहीत धरता येत नाही. हा सांधा लहान आहे. एकट्या जबड्यात सूज असताना ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, अगदी नेहमीसारखे येऊ शकतात. बाकीचे सांधे शांत असताना जबडा धुमसत असतो, असंही होतं.

साधा एक्स-रे चालत नाही का? एमआरआय महाग पडतो.

दातांच्या दवाखान्यात काढतात तो ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, हाडाचं झालेलं नुकसान दाखवतो. टोक चपटं झालंय, झिजलंय, एक बाजू आखूड आहे, हे त्यात कळतं. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. आत्ता सूज आहे का, याचं उत्तर त्यात नाही. ते शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये मिळतं. सोनोग्राफीत सांध्याचा आतला भाग हाडाआड जातो, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, हाड फार सुंदर दाखवतं, पण सूज नाही.

एमआरआयला जाण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. जबड्याच्या सांध्यासाठीचा एमआरआय वेगळा असतो, नुसता डोक्याचा करून चालत नाही. कागदावर दोन्ही सांध्यांचा, तोंड उघडं आणि मिटलेलं असा, स्पष्ट उल्लेख असू द्या. दातांना धातूच्या तारा लावल्या असतील तर त्याच भागातलं चित्र बिघडतं, म्हणून तारा लावायचं ठरत असेल तर एमआरआय आधी उरकून घ्या. बरीच लहान मुलं आत स्थिर पडून राहत नाहीत, त्यांना गुंगी द्यावी लागते. मुलाला आत काय होणार ते घरी आधी सांगा. ‘मोठा ठकठक आवाज येईल, पण टोचणार फक्त एकदा’ हे खरं सांगितलेलं मूल जास्त शांत राहतं.

आणखी एक. निरोगी मुलांच्या जबड्यातही थोडंसं पाणी एमआरआयमध्ये दिसतं. रिपोर्टमध्ये ‘किंचित द्रव’ वाचून रडू नका. मुलांचे सांधे नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं आणि संधिवाततज्ज्ञाचं मत एकत्र घ्या.

लक्ष दिलं नाही तर काय होतं?

दोन्ही बाजू धरल्या असतील तर खालचा जबडा लहान आणि मागे राहतो, हनुवटी खाली-मागे फिरते, मागचे दात टेकले तरी पुढचे उघडे राहतात. एकच बाजू असेल तर चेहरा त्या बाजूला कलतो आणि वरचा जबडाही हळूहळू तिरका वाढायला लागतो. वाढीच्या वर्षांत झालेला हा फरक सूज उतरल्यावर आपोआप भरून येईलच असं नाही. काही मुलांमध्ये मात्र सूज वेळेवर आटोक्यात आल्यावर झिजलेलं टोक पुन्हा बरंचसं घडल्याचं पाहण्यात आलं आहे. वेळेवर उपचार घ्या, हा माझा आग्रह एवढ्याचसाठी.

जबड्यासाठी वेगळं औषध असतं का?

नाही. औषध आजाराचं, सांध्याचं नाही. पण जबड्यात सूज सापडली तर आजाराला सौम्य समजायचं नाही. ‘एकाच गुडघ्याचा आहे’ म्हणून ज्या मुलाचं भागवलं जात होतं, त्याचं औषध वाढवायला जबडा हे पुरेसं कारण आहे. सुरुवातीला नॅप्रोक्सेनसारखी सूज उतरवणारी औषधं देतात. तेवढ्याने भागलं नाही तर बहुधा मेथोट्रेक्सेट, आणि त्यालाही दाद मिळाली नाही तर अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक औषधं, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतला सूज आणणारा नेमका दुवा अडवणारी औषधं. जास्त दिवस तोंडाने स्टिरॉइड देणं टाळतात, त्याने मुलाची उंचीच खुंटते.

मेथोट्रेक्सेटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरात सगळ्यात जास्त भीती याच गोळीची असते. केमिस्ट सांगतो, ‘ही कॅन्सरची गोळी आहे.’ कर्करोगात ती खूप मोठ्या मात्रेत वापरतात. संधिवातात मात्रा त्या मानाने फारच कमी, साधारण शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच. हा वार ठरवून कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. रोज दिली गेली तर ती जिवावर बेतू शकते. आजोबा, मावशी, पाळणाघरातल्या ताई, जो कोणी औषध देत असेल त्या प्रत्येकाला हे माहीत हवं. सोबत दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. मळमळ होत असेल तर शनिवारी रात्री देता येईल का ते विचारा, म्हणजे रविवार हाताशी असतो. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करा. आणि कुठल्याही डॉक्टरने जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सल्फाचं औषध, म्हणजे को-ट्रायमोक्साझोल, लिहून दिलं तर ‘मूल मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे तिथेच सांगा. ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत.

बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी होते: छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. आपल्या देशात ही पायरी गाळता येत नाही. गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी राहिल्या असतील तर त्याचं वेळापत्रक आधीच बसवून घ्या.

गुडघ्यात इंजेक्शन दिलं आणि जादूसारखं उतरलं. जबड्यातही तेच द्या ना.

ही मागणी साहजिक आहे आणि पूर्वी ते बरंच दिलंही जायचं. वेदना कमी होतात, तोंड थोडं जास्त उघडतं. पण वाढत्या मुलांत जबड्याच्या सांध्यात वारंवार स्टिरॉइड टोचल्यावर सांध्यात नको तिथे हाड तयार झाल्याचं आणि वाढ खुंटल्याचं दिसून आलं. त्यामुळे वाढीच्या वयात हा पहिला उपाय मानला जात नाही. इतर औषधांनी भागलंच नाही तर तज्ज्ञ एखाद्या वेळी विचार करतात. ‘दर सहा महिन्यांनी एक’ असं कुणी सुचवत असेल तर दुसरं मत घ्या.

ऑर्थोडॉन्टिस्टने (वाकडे दात-जबडा सरळ करणाऱ्या दंतवैद्याने) प्लेट सांगितली. संधिवातवाले डॉक्टर म्हणतात आधी औषध. कुणाचं ऐकू?

दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण आजाराची नाही, दोन दवाखान्यांमधल्या अंतराची आहे. एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत नेणं हे काम आपल्याकडे पालकांवरच पडतं, म्हणून सगळी कागदपत्रं एकाच फायलीत ठेवा आणि दोघांनाही एकमेकांचे फोन नंबर द्या.

काढता-घालता येणारी प्लेट दुखरा सांधा मोकळा ठेवते. विशिष्ट प्रकारच्या प्लेटने आखूड बाजूची वाढ सावरण्याचा प्रयत्नही करतात. डेन्मार्कमध्ये आरहूसला आजारी बाजूकडची प्लेट टप्प्याटप्प्याने उंच करत नेण्याची पद्धत अनेक वर्षं वापरली गेली आहे. प्लेट सूज उतरवत नाही. औषध वाढ सरळ करत नाही. दोन्ही लागतात, बहुतेकदा एकाच वेळी. सांध्यात जोरदार सूज असताना इलॅस्टिकने जबडा ओढणं मात्र थांबवावं असं माझं मत आहे.

जेवायला काय द्यायचं? कायम मऊ भातच का?

कायम नाही. जबडा दुखतोय, आखडलाय अशा दिवसांत मऊ भात, पेज, खिचडी, उपमा, नीट शिजलेली उसळ, अंडं द्या. कोमट फडक्याने गालाला दहा मिनिटं शेक द्या. दुखणं उतरलं की पोळी-भाकरीवर परत या. चावण्याचे स्नायू न वापरल्याने आणखी आखडतात, आणि वर्षभर मऊ खाल्लेलं मूल वजनातही मागे पडतं. च्युइंगगम मात्र नको. पेरू कापून, मक्याचं कणीस दाणे सोलून, एवढी सवलत पुरे.

तोंड उघडायचा व्यायाम?

फिजिओथेरपिस्टने दाखवलेला, दाखवला तेवढाच. आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक घालून तोंड फाकवण्याचा उपाय इंटरनेटवर फिरतो. सुजलेल्या सांध्यावर तो स्वतःहून करू नका.

दात घासायला तोंडच उघडत नाही.

लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्या. हाताचे सांधेही धरलेले असतील तर ब्रशच्या दांड्याला जुन्या रुमालाची गुंडाळी करून तो जाड करा. आतली बाजू रात्री आईने किंवा बाबांनी घासावी, मूल नऊ-दहा वर्षांचं असलं तरी. गोड सिरप दिल्यावर चूळ भरायला लावा. दाढ किडू द्यायचीच नाही, कारण पंचवीस मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात मागच्या दाढेचं रूट कॅनल करणं आमच्यासाठी आणि मुलासाठी दोघांसाठीही छळ आहे. दंतवैद्याला थांबून थांबून, दोन भेटींत काम करायला सांगा. मुलाला लांब वेळ ‘आ’ करून बसवू नये.

काढा, भस्म, जबड्याला तेल?

गालाला कोमट तेल हलक्या हाताने लावायला माझी हरकत नाही. जबडा ओढून ‘बसवणाऱ्या’ माणसाकडे मात्र मुलाला नेऊ नका. पुडीतली नाव नसलेली औषधं आणि भस्मं नकोत. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि शिसं-पाऱ्यासारखे धातू सापडले आहेत, आणि ‘दोन दिवसांत फरक’ पडतो तो बहुतेकदा त्या स्टिरॉइडमुळे.

मुलगा खूप घोरतो. याचा काही संबंध?

असू शकतो. जबडा मागे राहिला की घशातली वाट अरुंद होते. घोरणं, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं, दिवसा पेंगणं, हे दिसलं तर सांगा. याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. अपेंडिक्ससारख्या कुठल्याही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचं की मुलाला जेआयए आहे, तोंड अमुक मिलिमीटर उघडतं आणि मान पूर्ण वळते की नाही. लहान जबडा, कमी उघडणारं तोंड आणि ताठ मान असेल तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. त्यांना वेळेत कळलं तर ते वेगळी तयारी ठेवतात. वहीतला तो आकडा इथे कामाला येतो.

लहानपणी हनुवटीवर पडून शेजारच्या मुलाचा जबडा पूर्ण बंद झाला. तेच हे का?

नाही. त्यात मार लागल्यावर किंवा कानाच्या जुन्या संसर्गानंतर सांध्याची दोन हाडं एकमेकांना जुळून येतात आणि तोंड जवळजवळ उघडतच नाही. आपल्याकडे ते बऱ्यापैकी दिसतं आणि त्यावर लवकर शस्त्रक्रिया लागते. जेआयएमध्ये इतका पूर्ण जखडलेला जबडा क्वचितच.

चेहरा वाकडा झालाय. मुलीचं पुढे कसं होणार? ऑपरेशन करता येईल का?

करता येतं. जबडा कापून पुढे आणणं, हाड हळूहळू ताणून वाढवणं, फारच नुकसान झालं असेल तर कृत्रिम सांधा बसवणं, असे पर्याय आहेत. सर्वसाधारणपणे वाढ थांबल्यावर आणि आजार बराच काळ शांत राहिल्यावर करतात. श्वासाला अडथळा होत असेल तर त्याआधीही.

‘कसं होणार’ हा प्रश्न बहुतेक वेळा लग्नाचा असतो आणि तो मुलीच्या देखत विचारला जातो. तेवढं टाळा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वर्गात चिडवणारे पुरेसे असतात. तिला स्वतःला काय खटकतं, फोटो की चावणं की काहीच नाही, ते तिला विचारा. काही मुलींना ऑपरेशन नकोच असतं. काम नीट चालत असेल तर तेही उत्तर मान्य करायला हवं.

महाराष्ट्रात, गोव्यात कुठे दाखवायचं?

पहिला मुक्काम मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात हा विभाग आहे. जबड्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे मुलांचे दंतवैद्य, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन एकाच छताखाली भेटतात, हा मोठा फायदा. अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते. खर्चाचं आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्याला, विचारा.

खेळ, गाणं, वाद्य यांवर बंदी घालायची का?

नाही. पोहणं, सायकल, क्रिकेट चालू द्या. कबड्डी किंवा कराटे असेल तर दातांवर बसवायचा गार्ड दंतवैद्याकडून मापाने करून घ्या. गाण्याचा रियाझ चालतो. दुखेल त्या दिवशी लांब ‘आ’कार टाळून मंद्र सप्तकात गुणगुणलं तरी पुरे. व्हायोलिन शिकायचं असेल तर पाश्चात्त्य पद्धतीत ते हनुवटीखाली दाबून धरावं लागतं आणि तो दाब जबड्यावर येतो. आपल्याकडच्या शास्त्रीय संगीतात वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं पुढचं टोक पावलावर टेकवतो, त्यामुळे हनुवटीवर भार बराच कमी पडतो. शिकवणाऱ्या गुरुजींना मुलाच्या सांध्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.